पाव, दोन अंडी, कांदा

"निदान झाकण तरी ठेव कढईवर," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कांदा परतत राहिली. शेगडीच्या बरोबर वर, भिंतीवर, बाबांनी काढलेलं चित्र होतं. त्याच्यासमोर नाकाला रुमाल लावून संग्रहालयाच्या संचालिका उभ्या होत्या. आईने त्यांना फोनवर वाटेला लावलं होतं, म्हणून लेकीने त्यांना थेट घरीच आणलं होतं. आज काय तो निकाल लागायलाच हवा होता. चित्राचे रंग दिवसेंदिवस विटत चालले होते.

चित्र मोठं नव्हतं. टेबलावर एक अख्खा पाव, दोन अंडी, कांदा आणि सुरी. टेबल असं पुढे कललेलं, की सगळं आता घरंगळत अंगावर येईल. पूर्वी नातेवाईक हसायचे, याला साधं टेबल सरळ काढता येत नाही म्हणायचे. बाबा गेले आणि तेच टेबल थोर ठरलं. मग हसणारेच पाहुण्यांना घेऊन ते बघायला येऊ लागले.

"एवढं कललंय, पण पडत काहीच नाही," संचालिका म्हणाल्या. "सगळा भार त्या पावाने पेललाय. सावली तर कुठेच नाही. आणि गंमत बघा, अन्न समोर आहे, पण इथे कुणी जेवायला बसेल असं वाटतच नाही."

"बरोबर बघितलंत," आई म्हणाली.

लेक बघतच राहिली. आईच्या तोंडून असली शाबासकी तिला स्वतःला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"अंडी पांढरी नाहीतच," आई पुढे म्हणाली. "निळी आहेत, वर राखाडी हात फिरवलाय. पावाच्या कडेला एक लाल रेघ आहे. तेलकट थराखाली आता दिसत नाही, पण तिच्यामुळेच तो पाव आत्ता भट्टीतून काढल्यासारखा वाटायचा. आठवडाभर खपले ते याच्यावर. याच्याहून चांगलं त्यांनी आयुष्यात काही काढलं नाही."

संचालिकांना हुरूप आला. "मग द्या ना आम्हाला, मावशी! आमची माणसं हा थर अलगद काढतील. काचेमागे ठेवू, वारा लागू देणार नाही. तुमच्या नातवंडांची नातवंडं येऊन बघतील."

"नाही."

"बरं, निदान बाहेरच्या खोलीत तरी लावा. इथे वाफ, धूर, तेल..."

"खाण्याचं चित्र स्वयंपाकघरातच शोभतं. घर माझं, भिंत माझी. तुमच्याकडे काय चित्रांचा दुष्काळ पडलाय?"

"आई, अगं बाबांच्या नावाचा तरी विचार कर," लेक म्हणाली.

"त्यांचं नाव तू मला शिकवू नकोस."

संचालिकांनी नाकावरचा रुमाल काढला. मग त्यांचे डोळे भरून आले. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "रोज स्वयंपाक करताना ते समोर हवेत तुम्हाला. एवढी माया असताना आम्ही कोण मागणारे?" आईला नमस्कार करून त्या निघून गेल्या.

दार लागलं तशी लेकीच्या संतापाचा कडेलोट झाला. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि चौकटीला दोन्ही हात घातले. "मी नेणार हे. तुझा जीव आहे याच्यावर, ते दिसतंय मला. पण त्या मायेपायी तू याची माती करते आहेस!"

आईने तिचं मनगट धरलं. त्या वाळक्या हातात एवढी ताकद असेल असं लेकीला वाटलं नव्हतं.

"उतर खाली."

"का पण?"

आईने शेगडी बंद केली.

"तुझा दादा तापाने गेला, एवढंच तुला सांगितलंय मी. तू पाळण्यात होतीस. ताप उतरत आला होता गं त्याचा. भूक लागली होती, पाव मागत होता. हातात पैसा नाही, घरात खायला होतं ते त्या टेबलावर. मी घ्यायला गेले, तर तुझे बाबा चित्र पुरं होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही म्हणाले, आणि आतून कडी घातली."

लेकीचे हात चौकटीवरून गळून पडले. ती स्टुलावरून खाली उतरली.

"मग तेव्हाच जाळून का नाही टाकलंस?"

"जाळलं असतं तर लगेच संपलं असतं," आई म्हणाली. "माझं पोर काही लगेच गेलं नाही."