आत्याचा खोकला

बारशाला जमलेल्या बायका पाळण्याभोवती आ वासून उभ्या होत्या. त्या उघड्या तोंडांची प्रणिताला शिसारी आली.

नव्या औषधाने तिचा क्षय बरा झाला होता. औषधातले माणसाळलेले जंतू आता तिच्या खोकल्यातून उडत, आणि ते ज्याच्या छातीत शिरत, त्याला क्षय शिवत नसे.

"वन्सं, आधी बाळाच्या तोंडावर खोका, मग माझ्या," वहिनी म्हणाली. आजारपणात हीच तिचा कप चिमट्याने उचलून मोरीत ठेवायची.

प्रणिता बाळावर वाकून मनापासून खोकली. मग वहिनीकडे वळली.

"आधी चहा टाक. मोरीतल्या त्याच कपात. अर्धा मी पिते, उष्टा तू पी."

वहिनीने झटकन तोंड मिटलं.