निकाल आईच्या बाजूने

निनाद घरात काही न सांगता सहा वर्षांच्या सावनीला घेऊन दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्गला गेला आणि तिथल्याच कोर्टात त्याने घटस्फोटाची, कस्टडीची केस टाकली. मुलगी टेक्सासमध्ये वाढली, तेव्हा तिच्याबद्दलचा निर्णय टेक्सासच्याच कोर्टाने द्यावा, एवढ्यासाठी त्याची बायको अहिल्या वर्षभर झगडली. शेवटी केस टेक्सासमधल्या तिच्या गावच्या, फ्रिस्कोच्या कोर्टाकडे आली आणि काल निकालही तिच्या बाजूने लागला. घटस्फोट मंजूर झाला, सावनी आईकडे आली. पुन्हा कुणी तिला उचलून नेऊ नये म्हणून मुलीचं घर याच काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यातच राहील, अशी अटही अहिल्याने हट्टाने घालून घेतली.

सकाळी तिने व्हिसाचं काम बघणाऱ्या राजीवकाकांना फोन केला.

"काका, माझा व्हिसा रिन्यू करायचाय."

"तो निनादच्या नोकरीवरचा ना? डिव्होर्स झाला की तो संपतो, अहिल्या. तुला भारतात परत जावं लागेल."

"आणि सावनी?"

"कोर्टाने तिला इथेच ठेवायला सांगितलंय ना," काका हळूच म्हणाले.

सावनी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. "मॉम, वी आर लेट."

"आले गं."



तिला शाळेत सोडल्यावर अहिल्याने गाडीतूनच निनादला फोन लावला आणि सांगितलं, "फ्रिस्कोत घर बघ, सावनी आता तुझ्याकडे राहील."