उजव्या हाताचा ठेका

अकरा दिवस संगणकाच्या पडद्यावरची रेघ निपचित पडून होती, पाणी आटलेल्या पाटासारखी. पलीकडच्या खोलीत पल्लवीचे बाबा निजलेले. अर्धांगाच्या झटक्याने लुळ्या पडलेल्या उजव्या हाताला घड्याळ बांधलेलं. हात तसूभर हलला, तरी ते घड्याळ तारेवाचून इकडे सांगावा धाडणार होतं. "उद्यापर्यंत काहीच उमटलं नाही, तर हाताचे उपचार थांबवू," असं डॉक्टर आज सकाळीच बजावून गेले होते.

आणि आज भरदुपारी रेघ उसळली. चार लाटा, मग पुन्हा तशाच चार. पल्लवी उठून धावली आणि दारातच थबकली.

आईने बाबांचा हात मांडीवर घेतला होता. तो उचलून ती आपल्याच गुडघ्यावर थाप देत होती. बाबा डोळे मिटून पडले होते.

"आई, हे काय चाललंय?"

"घड्याळाला कुठं कळतंय, हात कुणी हलवला ते? धाड की डाक्टरला. आणखी म्हैनाभर तरी हात सोडायचे न्हाईत."

रागाचे शब्द पल्लवीच्या ओठांवर आले होते. पण ती आईशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "इतकं ठेक्यात नको गं. आजारी हात असा हलत नाही, डॉक्टर लगेच ओळखतील. जरा चुकत हलव."

आईने मान डोलावली. हात उचलला, टेकवला, थांबली, पुन्हा उचलला. तीस वर्षं भजनात बाबांच्या मृदंगाला तिने टाळाची साथ दिली होती. डोळ्यांना धारा लागल्या, पण काही केल्या तिला चुकता येईना.