धोंडुबाईची शपथ

“मामा, इथं काय करत होता तुम्ही?” डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीवर पेन टेकवलं.

बाकी पट्टीभर रेघा सुट्या सुट्या होत्या. पेन टेकलं होतं तिथं मात्र एकमेकींना ढकलत उभ्या होत्या. आकारामनं पट्टीकडं पाहिलं, मग टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हृदयाकडं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडं.

“पडून हुतो,” तो म्हणाला.

“रविवारी दुपारी?”

“पडूनच.”

“मी जोतिबाला गेलते,” धोंडुबाई म्हणाली. “पर शपथ घालून गेलते की. खाटंवरनं उठलासा तर माझं मेलेलं तोंड बघशीला, म्हटलंतं.”

मुरगूडचा आकाराम मागच्या महिन्यात डेअरीत दूध घालताना चक्कर येऊन पडला होता. छातीत मासा तडफडल्यागत होतं म्हणाला. म्हणून कोल्हापूरच्या या डॉक्टरांनी त्याच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला वॉकमनएवढं यंत्र बांधलं आणि एक दिवस रोजच्यासारखं वागा म्हणून घरी पाठवलं. पण अंगावर यंत्र चढवलेल्या नवऱ्याला कुठली बायको हिंडू देते? धोंडुबाईनं त्याला खाटेवर घातलं, उशाला तांब्या ठेवला, शपथ घातली आणि नवस बोलायला डोंगरावर निघून गेली. माया होती, दुसरं काय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “नीट आठवून सांगा. कष्टाचं काम केल्यावर ठोके असे पळाले असतील, तर मांडीतून बारीक तार आत घालायची आणि बिघडलेली जागा तेवढी जाळायची. ते मी इथंच करतो. पण निवांत पडल्या पडल्या असं होत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. पुण्याला पाठवावं लागेल. छातीत यंत्र बसवायची पाळी येईल कदाचित. मग म्हशी, धारा, ओढाताण, सगळं बंद.”

आकारामनं टोपी काढली. परत घातली.

“म्हशी ठेवायच्या न्हाईत?”

“कशाला जिवाशी खेळ?”

“मग धाडा पुण्याला,” तो म्हणाला.

धोंडुबाई खुर्चीत वळली. स्वतःच्या लग्नात हळदीच्या अंगानं गोठ्यात जाऊन धार काढणारा हा माणूस. सासूनं ते तिला शंभरदा सांगितलं होतं.

“म्हशी इकून?”

“इकू की.”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हा अजून शपथेलाच भ्यालाय. गेले आठ दिवस हा मागंमागंच होता. ती खोकली की काढा उकळून आणायचा. ती चुलीपुढं बसली की पदर सांभाळ म्हणायचा. परवा पहाटे जाग आली, तर नाकापुढं त्याचा हात. म्हातारचळ लागला म्हणून तिनं शेजारच्या अंबूबाईजवळ तक्रारही केली होती. तक्रार करताना तोंडावरचं हसू काही लपलं नव्हतं.

“अवो,” ती हळूच म्हणाली, “रविवारी म्हस व्याली, ते रेडकू कुणी वडलं?”

“आपोआप आलं. सांगितलं न्हवं?”

“आणि वैरणीखाली रगतानं भरल्याला टॉवेल हुता, त्यो काय म्हशीचा?”

आकारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“रेडकू अडकलंतं,” तो म्हणाला. “म्हस जीव सोडाय लागली. किती वरडायचं तिनं? पर हितं कबूल केलं असतं, तर शपथ मोडल्याली उघडी पडली असती, आणि तुला काय झालं असतं तर?” तो तिच्याकडं वळला. “तू डोंगरावरनं आल्यापास्नं खोकतीयास.”

“खुळं हायसा,” धोंडुबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसले नाहीत. “म्हणून छाती कापून घ्याय निघालासा? मी त्याच दिशी शपथ सोडली. टॉवेल बघितला आणि तितंच गोठ्यात उभी राहून तीनदा म्हटलं, सुटली, सुटली, सुटली.”

“मग मला सांगितलं का न्हाईस?”

“तीस वर्सांत कवा इतकं बघितलंय माझ्याकडं? म्हटलं, चालू दे की चार दिस.”

डॉक्टर पट्टीच्या आड तोंड लपवून खोकले. मग म्हणाले, “मामा, आता खरं सांगा. किती जोर लावला होता?”

आता आकारामला कोण थांबवणार? तो उठला, अस्तन्या मागं सारल्या. “एक पाय फुडं, एक माघारी. टॉवेल बांधला, खुट्याला पाय लावला आणि असा वडला.” त्यानं टेबलाची कड धरून खरंच ओढ दिली. प्लॅस्टिकचं हृदय कडेला घरंगळलं. डॉक्टरांनी ते वरच्यावर झेललं.

“बसा, बसा. कळलं.” त्यांनी हृदय जागेवर ठेवलं आणि लिहायला घेतलं. “पुढच्या मंगळवारी या. इथंच करू. फक्त एक आहे मावशी, तार काढल्यावर त्यांनी तो पाय अजिबात हलवायचा नाही. संध्याकाळपर्यंत सरळ पडून राहायचं. ते काम तुमचं. घाला शपथ.”

धोंडुबाई उठली. पदर खोचला, नवऱ्याची टोपी सरळ केली.

“न्हाई बाबा,” ती म्हणाली. “आता शपथ न्हाई. मीच पाय धरून बसते.”