पातळ पाकीट

ह्यांच्या कोटात टपालाचं पातळ पाकीट सापडलं आणि संशय पक्का झाला, हे काहीतरी लपवतायत. इथे जर्मनीत ह्यांचा नोकरीचा अर्ज नाकारला की फोटोसकट फाइल टपालाने परत यायची. तीन वर्षं आमच्याकडे जाड पाकिटंच आली.

त्यात पंधरा दिवसांपासून हा बेकार माणूस इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातलाच ‘लायब्ररीत’ निघत होता.

पत्र उघडलं. नोकरी लागली होती! पण पहिले सहा महिने कच्ची, कधीही काढू शकतील अशी.

मागच्या वेळी नुसत्या मुलाखतीवर मी साताऱ्यात पेढे वाटायला लावले होते. नकार आल्यावर ह्यांनी महिनाभर कुणाचा फोन घेतला नाही.

पाकीट जागच्या जागी ठेवलं. सकाळी डबा हातात दिला.

“लायब्ररीत डबा?” ह्यांनी संशयाने पाहिलं.

“वाचून भूक लागते, अहो. सहा महिने रोज देईन. पेढे त्यानंतर.”