दुसरं माणूस

मुलांनो, डोळे मिटा आणि एक प्रार्थनाघर डोळ्यांपुढे आणा. रोज सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर एकटेच बसलेले म्हातारबुवा. त्या घरावर न झेपणारा कर लागला होता. त्याविरुद्ध म्हातारबुवांनी केलेलं अपील टिकलं नाही, तर घर जाणार होतं. आणि अपिलाची मुदत तर केव्हाच उलटली होती.

"उशीर का झाला?" कोर्टात न्यायाधीशांनी म्हातारबुवांना विचारलं.

"साहेब, आमच्यात कुठलाही निर्णय दोघं मिळून प्रार्थना करूनच घेतात. मी रोज दार उघडून वाट पाहिली. कुणी आलंच नाही. शेवटी नियम मोडून एकटाच आलो."

"दोन माणसं मिळेनात, आणि म्हणे संस्था!" कर खात्याचे वकील म्हणाले. सगळे हसले. आपणच गप्प राहिलो तर बरं दिसणार नाही, म्हणून म्हातारबुवाही हसले.

"तुमचाच नियम मोडून कसं चालेल?" न्यायाधीश म्हणाले. " पुढच्या तारखेला दोघांचा निर्णय आणा, नाहीतर अपील फेटाळावं लागेल."

म्हातारबुवांनी मान डोलावली. पण दुसरं माणूस आणायचं कुठून?

शाळेला सुट्टी म्हणून त्या वकिलांची मुलगी मागच्या बाकावर बसली होती. ती उठली, बाबांच्या समोरून थेट म्हातारबुवांपाशी गेली आणि म्हणाली, "आजोबा, उद्या प्रार्थना किती वाजता आहे?"