सव्वीस नंबर

लॉर्कन चौतीस वर्षांचा होता. लिट्रिम परगण्याच्या आयरिश फुटबॉल संघातला हा त्याचा शेवटचा मोसम होता आणि अख्ख्या मोसमात त्याला एक मिनिटही मैदानात उतरवलं नव्हतं. आज शेजारच्या रॉसकॉमन परगण्याशी बरोबरी झाली होती, शेवटची दोन मिनिटं उरली होती, तरी तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसून होता.

"लॉर्कन, लवकर ये इकडे!" प्रशिक्षकांनी हाक मारली.

तो धडपडत धावला. "जीव तोडून खेळतो बघा!"

"तू नाही रे. जर्सी काढ तुझी! कोलमच्या जर्सीला रक्त लागलंय, पंच खेळू देत नाहीत. जास्तीच्या सगळ्या संपल्या."

लॉर्कनने आपली सव्वीस नंबरची जर्सी काढून दिली. ती घालून कोलम मैदानात धावला आणि शेवटच्या क्षणी त्याने चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून मारून एक गुण मिळवला आणि सामना जिंकून दिला. लोक मैदानात घुसले. उघडाबंब लॉर्कन मान खाली घालून कपडे बदलायच्या खोलीत आला, तर त्याचा फोन वाजत होता.



"लेकरा," पलीकडून आई रडत होती, "रेडिओवर तुझं नाव घेतलं रे, तूच जिंकून दिलंस म्हणाले! आता मी डोळे मिटायला मोकळी!"